घंटागाडी आली नाही त्या आठवड्यात

मुलांनो, सकाळी तुम्हाला कोण उठवतं? आई? कोंबडा? की घड्याळाचा गजर? आमच्या गल्लीत हे काम घंटागाडी करते. बरोबर सात वाजता ती वळणावर येते, भोंग्यावर गाणं लागतं आणि मग काय धांदल उडते म्हणून सांगू! कुणी बादली घेऊन पळतं, कुणी एकाच पायात चप्पल घालून धावतं, तर कुणाची आजी ओट्यावरूनच ओरडते, "अरे थांबा जी, थांबा!"

मागच्या पावसाळ्यात एका सोमवारी ते गाणं वाजलंच नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी कळलं की घंटागाडीवरच्या कामगारांनी काम बंद केलं आहे.

आमचं गाव तालुक्याचं. एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाला जंगल. चार दिवसांत चौकात कचऱ्याचा ढीग झाला. वरून पाऊस! वास तर असा सुटला की तिथून जाताना पोरं श्वास कोंडून पळायची. मग ढिगावर कुत्री आली, डुकरं आली. शहरातले वाचक म्हणतील, त्यात काय एवढं? पण आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या पोरांना ठाऊक आहे, कुत्र्यांच्या मागावर कोण येतं ते. बिबट्या! दिवेलागणीच्या आतच आया मुलांना घरात घेऊ लागल्या.

माझ्या पाचवीच्या वर्गात दुसरा विषयच नव्हता.

"बाई, माझे बाबा म्हणतात, सगळ्यांना काढून टाका आणि दुसरे आणा."

"बाई, आजी म्हणते, पावसाळ्यातच बरं सुचतं यांना!"

"बाई, आम्ही टॅक्स भरतो ना? मग?"

मला वाटलं, वा! 'लोकमत' म्हणजे काय ते शिकवायला ही चांगली संधी आहे. मी फळ्यावर लिहिलं, 'कचरा उचलणाऱ्यांनी संप करणे योग्य की अयोग्य?' आणि हात वर करायला सांगितले. 'अयोग्य'ला भराभर हात वर गेले. 'योग्य'ला अगदी थोडे. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने मात्र दोन्ही वेळा हात वर केला नाही.

मी म्हटलं, "अगं, तुझं मत काय? प्रत्येकाला मत हवंच ना!"

ती बाकाकडे बघत राहिली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "बाई, तिची माय घंटागाडीवर आहे."

वर्ग गप्प झाला. मी फळा पुसला. पण फळ्यावरचं पुसता येतं, मनातलं कसं पुसणार? दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेत आली नाही.

तिची आई मात्र आली. वर्गाच्या दाराबाहेरच उभी राहिली. मी तिला आत बोलावलं, तरी ती आली नाही. म्हणाली, "बाई, पोरगी शाळेत येत नाई म्हन्ते. तुमी पोरायले इचारलं म्हने, संप बरा का वाईट. बरं केलं जी. पन संप काहून केला, हे कोनीच इचारलं नाई."

मग मी विचारलं. खरं तर हे आदल्या दिवशी विचारायला हवं होतं. तीन महिन्यांचा पगार थकला होता. किराणावाल्याने उधारी बंद केली होती. हातमोज्यांचा एकच जोड मिळालेला, तो केव्हाच फाटला. पिशवीतली फुटकी काच हाताला लागते, त्याचं औषध ज्याचं त्याने आणायचं. जाता जाता ती म्हणाली, "ढीग आमाले बी आवडत नाई बाई. उद्या काम चालू झालं का तो सडका ढीग आमालेच उचला लागन."

मुलांनो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी मुलांना उत्तर विचारलं, पण त्यांना माहिती दिलीच नव्हती. अभ्यास न शिकवता परीक्षा घ्यावी, तसंच झालं ते. ती चूक तुमच्या बाईंची, त्या मुलीची नव्हे. म्हणून आम्ही तो पाठ पुन्हा पहिल्यापासून घेतला. आज तोच तुम्हाला सांगते.

आधी पगाराचं बघू. मे महिन्यात तुमच्यापैकी कितीतरी जण आईबाबांबरोबर तेंदूपत्ता तोडायला जातात. ७० पानांचं एक पुडकं, हा हिशेब तुमचा माझ्यापेक्षा पक्का! आता समजा, तुम्ही उन्हातान्हात पानं तोडली, पुडकी बांधली, फळीवर मोजून दिली आणि समोरचा म्हणाला, "पैसे दिवाळीनंतर बघू." चालेल का? वर्गातून एकदम आवाज आला, "नाही!" अगदी 'अयोग्य'वाले हातसुद्धा त्यात होते.

मग पगार अडला कुठे? पुष्कळ गावांत कचरा उचलणारे सगळेच कामगार नगरपरिषदेचे कायम नोकर नसतात. नगरपरिषद काम ठेकेदाराला देते, ठेकेदार माणसं लावतो. म्हणजे पैसा दोन हातांतून फिरून कामगारापर्यंत येतो. आता एक गणित करू. आकडे खरे नाहीत हं, गणितापुरते घेतलेले आहेत. समजा, एका कामगाराच्या एका दिवसाचे नगरपरिषद ठेकेदाराला ६०० रुपये देते आणि ठेकेदार कामगाराच्या हातात ४०० ठेवतो. कामगार ५० आणि महिन्याचे दिवस २६. तर मध्ये किती रुपये राहिले? करा बरं पाटीवर! २०० गुणिले २६ गुणिले ५०. दोन लाख साठ हजार रुपये!

थांबा, लगेच ठेकेदाराला चोर म्हणू नका. त्या पैशांतून भविष्यनिर्वाह निधी आणि विमा भरायचा असतो, गाड्यांचा खर्च असतो, त्याची स्वतःची कमाईही असते. प्रश्न एवढाच की कुठला रुपया कशाला गेला, ते कागदावर दिसायला हवं. कामगाराला पगाराची चिठ्ठी मिळायला हवी. जिथे ती मिळत नाही, तिथे भांडण ठरलेलंच.

नगरपरिषदेचीही बाजू ऐका. तिचं म्हणणं असतं, सरकारी अनुदान उशिरा येतं, लोक घरटॅक्स थकवतात, पैसा आणायचा कुठून? हे अगदीच खोटं नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाने घरी जाऊन विचारलं, "बाबा, आपला टॅक्स भरलाय का?" तर घरात बराच वेळ कुणी बोललंच नाही म्हणे!

पुढचा पाठ गल्लीत झाला. आम्ही मुलांचे दोन गट केले. गल्ली एकच. एक घर सोडून एक घर, असं वाटून घेतलं. पहिल्या गटाने विचारलं, "कचरा उचलणं बंद करून लोकांना त्रास देणं योग्य आहे का?" दुसऱ्या गटाने विचारलं, "तीन महिने पगार न मिळालेल्या माणसाने काम थांबवणं योग्य आहे का?"

काय झालं असेल, ओळखा! पहिल्या गटाला बहुतेकांनी 'नाही' म्हटलं. दुसऱ्या गटाला बहुतेकांनी 'हो' म्हटलं. गल्ली तीच आणि संपही तोच. बदलला होता तो फक्त प्रश्न. म्हणून सांगते, वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर 'जनतेचा कौल' दिसला की आधी प्रश्न वाचायचा, मग उत्तर.

आणि हो, तिसरा प्रश्न मुलांनी आपल्याच मनाने जोडला. "या लोकांना पगार वेळेवर मिळावा म्हणून तुम्ही रोज एक रुपया जास्त द्याल का?" याला सगळीकडे एकच उत्तर मिळालं, "बघू!"

मुलांनो, हे भांडण फक्त आपल्या गावचं नाही आणि आजचं तर मुळीच नाही. १८९० साली इंग्रज सरकारने मुंबईसाठी एक कायदा केला. त्यात नगरपालिकेच्या सफाई नोकराने आधी सूचना न देता काम सोडलं तर तो गुन्हा ठरत होता. त्याला तुरुंगाची शिक्षा होती. सफाई थांबली की शहर अडतं, हे सरकारला पक्कं कळलं होतं. पण ज्याच्यावाचून आपलं अडतं त्याला पगार चांगला द्यावा, एवढं काही सुचलं नव्हतं!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या म्युनिसिपल कामगारांची संघटना बांधली. १९३८ साली संपावर बंधनं आणणारं विधेयक मुंबईच्या विधानसभेत आलं, तेव्हा त्यांनी त्याला कडाडून विरोध केला. पुढे ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ साली किमान वेतनाचं विधेयक मांडलं गेलं. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, त्याचा कायदा झाला. ठरलेल्यापेक्षा कमी मजुरी द्यायची नाही, असा तो कायदा. आता तो २०१९ च्या वेतन संहितेत सामावला आहे. हेच बाबासाहेब १६ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्या चंद्रपुरात आले होते. तिथली दीक्षाभूमी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. पुढच्या वेळी जाल तेव्हा किमान वेतनाचीही आठवण ठेवा.

आता मुंबईची एक खरी गोष्ट. तिथे १९९७ साली 'कचरा वाहतूक श्रमिक संघ' नावाची संघटना उभी राहिली. मिलिंद रानडे हे तिचे नेते. मुंबई महानगरपालिकेच्या कचऱ्याच्या कामावर हजारो कंत्राटी कामगार होते. काम रोजचं आणि बारमाही, तरी ते कायम नव्हते. पुढे तर त्यांना 'स्वयंसेवक' म्हणायला लागले आणि त्यांच्या मजुरीला 'मानधन'! का, सांगा बरं? नोकर म्हटलं की कायदा लागू होतो. स्वयंसेवक म्हटलं की हात झटकता येतात. एका शब्दाने केवढा फरक पडतो बघा. भाषेच्या तासाला कंटाळणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

संघटना न्यायालयात गेली. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने सांगितलं की हे २,७०० कामगार महापालिकेचेच आहेत, त्यांना कायम करा. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. संपली का गोष्ट? नाही. कित्येकांची नावं वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळी लिहिलेली निघाली. कुठे एक अक्षर जास्त, कुठे एक कमी. तेवढ्यावरून त्यांना आणखी थांबावं लागलं. मी हे वाचलं, तेव्हा शाळेचं दाखलखारीज रजिस्टर काढून माझ्या वर्गाची सगळी नावं पुन्हा तपासली. आम्ही शिक्षक घाईत एक वेलांटी चुकवतो आणि ती कुणाच्या तरी भाकरीवर येते.

'स्वयंसेवक' शब्दावरून मला चंद्रपूरचा गोंडकालीन किल्ला आठवला. मार्च २०१७ पासून तिथल्या 'इको-प्रो' संस्थेच्या तरुणांनी त्या परकोटाची सफाई हाती घेतली. शेकडो दिवस झाडंझुडपं तोडली, कचरा काढला. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यांचं कौतुक केलं. आपल्या विदर्भातलेच गाडगेबाबा. ते तर गावात शिरले की आधी खराटा हाती घ्यायचे. या सगळ्यांना आपण हात जोडतो आणि जोडायलाच हवेत.

पण मग वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "बाई, फुकट झाडणाऱ्याला आपण हार घालतो आणि रोज झाडणाऱ्याने पगार मागितला तर रागावतो, असं काहून?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. तुम्हाला आलं तर कळवा. मला एवढंच दिसतं की स्वयंसेवकाचं घर दुसऱ्या कमाईवर चालतं आणि घंटागाडीवरच्या बाईचं घर याच कमाईवर चालतं. तिला 'सेवा करतेस हो!' म्हणून शाबासकी दिली, तर किराणावाला ती शाबासकी घेत नाही.

आणि बाहेरच्या जगात काय होतं? अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ रोजी कचऱ्याच्या गाडीचं यंत्र अचानक सुरू झालं आणि दोन कामगार त्यात चिरडून मेले. त्यानंतर तिथल्या सुमारे १,३०० काळ्या कामगारांनी संप केला. त्यांच्या हातातल्या फलकावर काय होतं, ठाऊक आहे? 'मी माणूस आहे.' बस, एवढंच! मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि त्याच शहरात ४ एप्रिल १९६८ रोजी त्यांची गोळी घालून हत्या झाली. त्यानंतर १६ एप्रिलला तडजोड झाली. कामगारांची संघटना मान्य झाली आणि पगारही वाढला.

श्रीमंत देशांत आता असं होत नसेल, असं वाटतं ना? मार्च २०२५ मध्ये इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहरात कचरा कामगारांनी बेमुदत संप पुकारला. कारण काय, तर एक हुद्दाच रद्द केल्यामुळे काहींचा पगार कमी होणार होता. नगर परिषद म्हणत होती, आमच्याकडे पैसा नाही. महिनाअखेरीस १७,००० टन कचरा रस्त्यावर साचला होता. तिथेही उंदीर झाले आणि तिथेही लोक चिडले. कुणी कामगारांवर चिडले, कुणी परिषदेवर.

इथेच खरी मेख आहे. संप झाला की त्रास नागरिकाला होतो आणि त्याला राग येतो. येणारच! माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आजीला दमा आहे. त्या आठवड्यात तिचे फार हाल झाले. तो मुलगा शेवटपर्यंत म्हणाला, "बाई, संप चूकच." त्याला मी 'तू चुकतोस' म्हटलं नाही. त्याचा त्रास खराच होता. मात्र राग कुठे न्यायचा, ते आपल्या हातात असतं. ढिगाजवळ उभं राहून कामगाराला बोलणं सोपं असतं, कारण तो रोज दारात येतो. नगरपरिषदेत अर्ज घेऊन जाऊन 'पगार का थकला?' असं विचारणं जरा अवघड. तिथे रांग असते.

आमच्या गावातली काही मंडळी त्या रांगेत उभी राहिली. नवव्या दिवशी दोन महिन्यांचा पगार झाला, तिसऱ्याचं आश्वासन मिळालं आणि दहाव्या दिवशी सकाळी सात वाजता वळणावर गाणं वाजलं! त्या दिवशी चौकातला तो सडका ढीग कुणी उचलला, हे सांगायला नकोच. तिसऱ्या महिन्याचा पगार दिवाळीच्या तोंडावर मिळाला, असं त्या मुलीच्या आईने नंतर मला सांगितलं.

मुलगी शाळेत परत आली. आम्ही पुन्हा मतदान घेतलं. पण या वेळी हात वर करायचे नव्हते. चिठ्ठ्या लिहायच्या, घडी करायची, खोक्यात टाकायची, नाव नाही. आपलं मत सगळ्यांसमोर सांगायची सक्ती कुणावर करू नये, हे मी त्या आठवड्यात शिकले. मोठ्यांच्या निवडणुकीत मतदान गुप्त का असतं, तेही मुलांना न सांगता समजलं.

चिठ्ठ्या उघडल्या. काही 'योग्य', काही 'अयोग्य'. एकीवर लिहिलं होतं, 'पगार पण द्या आणि गाडी पण पाठवा.' एक चिठ्ठी कोरी होती. ती कुणाची, ते मला माहीत नाही आणि मी शोधलंही नाही. पण मोजताना तीही मोजली.

या आठवड्याचा उद्योग

तुमच्या दारात घंटागाडी घेऊन येणाऱ्या काकांना किंवा मावशींना आधी 'नमस्कार' म्हणा. त्यांना फुरसत असेल तरच दोन प्रश्न विचारा. पहाटे किती वाजता निघता? आमच्या पिशवीतली कुठली गोष्ट हाताला लागते? मग घरात फुटकी काच, ब्लेड, सुई वेगळ्या कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करायला लागा. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा. आमच्या वर्गातल्या चार घरांनी हे सुरू केलं आहे. चारच, पण केलं आहे.

पालकांसाठी दोन ओळी. आपण जेवताना जे बोलतो, ते दुसऱ्या दिवशी वर्गात बोललं जातं आणि त्या वर्गात कुणाची तरी लेक दुसऱ्या बाकावर बसलेली असते. जमलं तर या वर्षीचा घरटॅक्स वेळेवर भरा आणि त्याची पावती मुलांना दाखवा.

बरं, घंटा झाली. पुढच्या आठवड्यात भेटू.

तुमची,
बाई